अनुभव नसल्याचा पुरावा

माझ्या मुलीचा अर्ज रुग्णालयाने मंगळवारी सकाळी साडेनऊला रोखून धरला. ईमेलमध्ये कारण एका ओळीत होतं: अर्जदाराच्या नावे परस्परविरोधी माहितीची कागदपत्रं दोन वेळा आली आहेत, गुरुवारी दुपारी दोनपर्यंत लेखी खुलासा करावा.

अर्ज मस्कतमधल्या एका खासगी रुग्णालयाच्या रेसिडेन्सीसाठी होता. नर्सिंगची पदवी नुकतीच घेतलेल्यांना वर्षभर पगार देऊन वरिष्ठ नर्सच्या हाताखाली वॉर्डात तयार करायचं आणि मग कायम करायचं, अशी योजना. जागा आठ. इथल्या बाकीच्या जाहिराती दोन वर्षांचा अनुभव मागतात. मुलगी चार वर्षं कोल्हापूरला शिकून जूनमध्ये मस्कतजवळ अल अमेरातला आमच्या घरी आली होती. ही जागा गेली असती तर तिला परत जाऊन दोन वर्षं कुठल्या तरी रुग्णालयात काढावी लागली असती. होस्टेलची खोली पुन्हा बघायची नाही, असं तिने आल्याच दिवशी सांगितलं होतं.

रेसिडेन्सीच्या अर्जावर पहिल्याच पानावर अट होती: सहा महिन्यांपेक्षा जास्त अनुभव असलेल्यांनी अर्ज करू नये.

ईमेलला जोडलेल्या दुसऱ्या वेळच्या कागदपत्रांत तिच्या नावे दोन वर्षांचा अनुभव होता. ती कागदपत्रं मुलीने पाठवलेली नव्हती.

मी दुक्मला नवऱ्याला फोन केला. तो तिथे रिफायनरीच्या कामावर असतो, पंधरा दिवसांनी घरी येतो.

"सीव्ही कुणाला दिलास?"

"काकांना. ते म्हणाले, आत आपला माणूस आहे."

"आणि अनुभवाचं पत्र?"

"ते त्यांनीच आणलं. त्यांच्या मेव्हण्याचं नर्सिंग होम आहे ना चिपळूणला. अगं, सगळेच लावतात."

काका म्हणजे आमच्या मराठी मंडळातले एक गृहस्थ. एका बांधकाम कंपनीत पंचवीस वर्षं व्हिसाचे कागद नेतात आणि आणतात. त्यांची मोठ्या लोकांशी ओळख आहे, असं मंडळात मानलं जातं. ती ओळख कुणी पाहिलेली नाही. पत्रावर मेव्हण्याची सही, शिक्का आणि 'उत्तम चारित्र्य' हे शब्द होते. पत्रातली दोन वर्षं मुलीच्या तिसऱ्या आणि चौथ्या वर्षाची होती. तेवढा काळ ती रोज कोल्हापूरला तास करून चिपळूणला ड्यूटी करत होती, असा त्याचा अर्थ. मधे सह्याद्री आहे.

संध्याकाळी काका स्वतः आले. सोफ्यावर बसले, चहा घेतला.

"वहिनी, घाबरताय कशाला? दोन वर्षं कमी पडली असतील. तीनचं करून आणतो."

"काका, त्यांना एक्स्पिरियन्स नकोय," मुलगी म्हणाली.

"असं कुठे असतं बाळ? अनुभव कुणाला नको असतो?"

"फ्रेशर्ससाठी आहे ते. फर्स्ट पेजवर लिहिलंय."

"लिहायचं म्हणून लिहितात गं."

मी अर्जाचं पान त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी खिसे चाचपले. चष्मा गाडीत राहिला होता.

"मग तुमच्या मेव्हण्यांकडून लिहून आणा, की हिने तिथे काम केलेलं नाही," मी म्हटलं.

"म्हणजे पहिलं पत्र खोटं, असं त्याने लिहून द्यायचं? वहिनी, डॉक्टर माणूस आहे तो!" ते दुखावले. "आणि शेवटी नर्सचंच तर काम. त्यात एवढं काय तपासतात हे लोक?"

हे बोलून त्यांनी शर्टाची बाही वर केली आणि हात मुलीपुढे धरला. बीपी बघायला. मंडळातले सगळेच आमच्याकडे आले की हात पुढे करतात. मुलीने मोजलं: एकशे अडुसष्ट, एकशे दोन. उद्याच डॉक्टरांकडे जा, असं तिने सांगितलं.

"मशीन बरोबर नाही तुझं," काका म्हणाले. निघताना दारात पुन्हा वळले. "इन्शाल्ला, होऊन जाईल. मी बोलतो."

खुलासा मी लिहायला घेतला. चौदा वर्षं पुण्यातल्या एका दैनिकाच्या डेस्कवर मी इतरांच्या खुलाशांना कात्री लावली. स्वतःच्या घरचा खुलासा लिहिताना पहिल्याच ओळीत 'गैरसमजातून' आलं आणि दुसऱ्या ओळीत 'त्रयस्थ व्यक्तीकडून'. मुलीने वाचलं आणि लॅपटॉप स्वतःकडे ओढला. तिने चार वाक्यं लिहिली. अनुभवाचं पत्र खोटं आहे. ते माझ्या वडिलांनी एका परिचिताकरवी पाठवलं. मी ते आज पहिल्यांदा पाहिलं. त्या काळात मी विद्यार्थिनी होते.

नवऱ्याला फोनवर वाचून दाखवलं.

"माझं नाव कशाला घातलंस त्यात?"

"तूच पाठवलंस ना बाबा?"

"इथे कॉम्प्रेसर चालू आहे, नंतर बोलतो," तो म्हणाला.

आता पुरावा हवा होता. कामाचा पुरावा देणारे मंडळात डझनभर होते. काम न केल्याचा पुरावा देणारं कुणी नव्हतं. मुलीलाच सुचलं: हजेरीपट. कॉलेजात वॉर्डातल्या प्रत्येक ड्यूटीला येताना आणि जाताना सही होते. बुधवारी सकाळी तिने कॉलेजच्या कार्यालयात फोन लावला.

"हजेरी कशाला लागते आता? पास झालीस की," क्लार्कबाई म्हणाल्या.

"मॅडम, मी तिथे होते हे प्रूव्ह करायचंय."

"तू इथेच होतीस की. कँटीनवाल्याला विचार." मग म्हणाल्या, "प्राचार्य बाहेर आहेत. सही उद्या."

गुरुवारी अकरा चाळीसला बावीस पानं स्कॅन होऊन आली. दोन पानं उलटी होती. मुलीने ती सरळ केली आणि बारा वीसला सगळं रुग्णालयाला पाठवलं.

सोमवारी मुलाखतीला बोलावणं आलं. नर्सिंग विभागाच्या प्रमुख ओमानी बाई होत्या. त्यांनी हजेरीपट छापून टेबलावर ठेवला होता. त्यांनी विचारलं, हे पत्र पाठवणारे तुझे काका का? मुलीने सांगितलं, नाही, आमच्यात सगळ्यांनाच काका म्हणतात. मग बाईंनी हजेरीपटातला एक दिवस निवडून विचारलं, त्या दिवशी वॉर्डात काय केलंस? मुलीला तो दिवस आठवत नव्हता. तिने तसं सांगितलं. त्यानंतर अर्धा तास त्यांनी फक्त औषधांच्या मात्रा विचारल्या.

दहा दिवसांनी आठ जणींची यादी आली. तिचं नाव सातवं होतं.

त्या शुक्रवारी मंडळाच्या सभागृहात आरतीनंतर काकांनी माइक घेतला आणि आपल्या एका शब्दावर मंडळातल्या या मुलीचं काम झालं, असं जाहीर केलं. टाळ्या वाजल्या. माझ्या नवऱ्यानेही वाजवल्या. प्रसादाच्या रांगेत दोन आयांनी काकांकडे आपापल्या मुलींचे सीव्ही दिले.

मुलगी रविवारी सकाळी पावणेसातला पुरुषांच्या मेडिकल वॉर्डात रुजू झाली.