काकांचा बिघडलेला ब्लू-रे

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

बरखेड्याच्या क्वार्टरमध्ये राहायचो तेव्हाची गोष्ट. बाबा आणि समोरचे काका एकाच कारखान्यात इंजिनियर. रविवारी दुपारी दोघांनी मिळून सिनेमा बघायचा, एकदा आमच्याकडे, एकदा त्यांच्याकडे, हे ठरलेलं. मग नव्या डिस्कचे दोन प्रकार निघाले आणि सगळं बिनसलं. एकाची डिस्क दुसऱ्याच्या प्लेअरवर चालायची नाही. बाबांनी अमेरिकेतल्या आत्याकडून एचडी डीव्हीडीचा प्लेअर मागवला, काकांनी ब्लू-रे घेतला. झालं! चहाला बसले की वाद. "तुझं ते डबडं वर्षभर टिकायचं नाही," हे बाबांचं पालुपद.

टिकलं नाही ते आमचंच. एचडी डीव्हीडीवाल्यांनी हात वर केल्याची बातमी बाबांनी वाचली आणि पेपर घडी घालून ठेवून दिला. त्या रविवारी पाळी काकांकडची होती. बाबा गेले नाहीत. पुढच्या रविवारीही नाही. डोकं दुखतंय म्हणे! कसलं डोकं? नाक कापलं गेलं होतं ना. पण घरात असे गप्प गप्प फिरायचे की मला रागही यायचा आणि वाईटही वाटायचं.

तिसऱ्या रविवारी काकाच दारात. इंदूरचे, त्यामुळे निम्मं बोलणं हिंदीत. "अरे यार, मेरा तो गया काम से! ब्लू-रे बिघडला. तुझ्या प्लेअरवर जुन्या डीव्हीडी तरी लागतात ना?"

लागायच्या. बाबा असे खुलले म्हणता! "मी म्हटलं नव्हतं?"

तेव्हापासून रविवार आमच्याकडेच. पुढे क्वार्टर सुटली, त्याच शहरात आम्ही बाग सेवनियाला आलो, ते सोनागिरीला गेले, तरी काका स्कूटरवरून येतात आणि "मी म्हटलं नव्हतं?" निमूट ऐकून घेतात.

परवा मी लोणचं द्यायला सोनागिरीला गेले, तर काकू नातीला कार्टून लावून देत होत्या. त्याच ब्लू-रेवर. चित्र लख्ख.

"काकू, हा दुरुस्त कधी झाला?"

"बिघडला होता कधी?" काकू हसल्या. "'त्याचा प्लेअर हरलाय, आता तो काही आपल्याकडे यायचा नाही, मग मीच जातो,' म्हणाले. तुला मुद्दामच सांगितलं नव्हतं."

रस्ताभर डोळे पुसत आले.

घरात पाऊल टाकलं तोच बाबांनी विचारलं, "काय गं, त्याचं ते डबडं अजून बंदच?"

"बंदच आहे, बाबा."

"मी म्हटलं नव्हतं?" बाबा म्हणाले, आणि रविवारची डीव्हीडी पुसायला बसले.