राखेचा स्लॅब

मळवलीला मी बांधलेल्या बंगल्यावर पाडायचं मशीन लागलंय, असा मावशींचा फोन आला. मावशी म्हणजे तिथली देखभाल बघणाऱ्या. मला वाटलं, कंपाउंडची भिंत पाडत असतील. आठ वर्षांचं धडधाकट घर कोण पाडतं?

त्या बंगल्यावर माझा जीव होता. तो बांधेपर्यंत मीही इतर इंजिनियरांप्रमाणे सिमेंटची पोती सढळ हाताने रिकामी करत होतो. सिमेंट भाजताना हवेत किती धूर जातो ते कळलं आणि माझीच मला लाज वाटली. म्हणून इथे हट्टाने सिमेंट कमी केलं आणि त्या जागी वीजकेंद्रातली राख घातली. मावशी हसल्या होत्या. "राखंनं भांडी घासत्यात. घर बांधत्यात व्हय?" पण असं काँक्रीट ताकद सावकाश धरतं, त्याला पाणी जास्त दिवस मारावं लागतं, हे एकदाच सांगितलं आणि ऐन उन्हाळ्यात त्यांनी महिनाभर स्लॅबवरचं गोणपाट वाळू दिलं नाही. शंभर वर्षं हलणार नाही हे घर, असं मी भेटेल त्याला सांगत सुटलो होतो.

पोचलो तर अर्धी गच्ची खाली आली होती.

बंगला नुकताच विकत घेतलेले गृहस्थ हसत पुढे आले. जिना ईशान्येला आहे, वास्तुशास्त्रात बसत नाही, म्हणून सगळंच पाडायचं, म्हणाले. कारण एवढंच. "बरं झालं आलात. नवीन घरही तुम्हीच बांधा. आम्हाला पर्यावरणपूरकच हवंय."

राख घालून जे काही वाचवलं होतं, ते एका जिन्यापायी मातीत गेलं होतं. मी नकारार्थी मान हलवली.

तेवढ्यात मशीनवरचा माणूस घाम पुसत खाली उतरला. "भाऊ, उरलेला स्लॅब फुटंना. दोन छिन्न्या गेल्या. येवढं पाणी कुणी मारलंय ह्याला?"

मावशी माझ्या शेजारीच उभ्या होत्या. "म्या," त्या म्हणाल्या. "म्हैनाभर."

तो पुन्हा वर चढला आणि मशीन सुरू झालं. मावशींनी पदर तोंडाला लावला.

"जरा कमी मारलं असतं," त्या म्हणाल्या, "तर लवकर सुटलं असतं बिचारं."