ओगल्यांचा जर्मन धूर

आखातात, अल कुसैसच्या आमच्या इमारतीत शैलेंद्र ओगले राहतात. जबल अलीत जर्मन साहेबाच्या हाताखाली सगळी नोकरी काढल्यामुळे त्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीला एक जर्मन शब्द असतो, आणि तो ऐकून घेतल्याशिवाय लिफ्टमधूनसुद्धा सुटका नसते.

त्या शनिवारी हवा धुरकट होती. अनुपमावहिनी बासुंदीचं दूध गॅसवर ठेवून, "लक्ष ठेवा हं," असं नवऱ्याला बजावून बाजारात गेल्या. थोड्या वेळानं फायर अलार्म कोकलला आणि सगळी इमारत पार्किंगमध्ये उतरली. एवढे श्रोते आयते मिळाल्यावर ओगले कसले सोडतात!

"या धुरकटपणाला जर्मनीत होएनराउख म्हणतात. मूळ शब्द हाइराउख. हाइ म्हणजे कोरडं, तापलेलं. लोक तो अर्थ विसरले आणि होए, म्हणजे उंची, चिकटवून मोकळे झाले. मग विद्वान बसले आभाळात कारण शोधत! धूर होता शेतकऱ्यांनी पेटवलेल्या दलदलीच्या मातीचा. माणसानं आधी मूळ शोधावं."

"ओगले, व्याख्यान खलास करा आता!" मी ओरडलो.

तेवढ्यात वॉचमन जिन्यात सापडलेलं, करपून कोळसा झालेलं पातेलं फडक्यात धरून खाली आला. "ये किसका है?"

ओगले आभाळाकडे बघू लागले.

रत्नागिरीच्या खैरुन्निसाभाभींनी फडक्यानंच काठावरची काजळी पुसली आणि कोरलेलं नाव खणखणीत वाचलं, "सौ. अनुपमा शैलेंद्र ओगले."

मग म्हणाल्या, "मूळ सापडलं, ओगलेभाई."