पंपघरातली चढाई

तो खाली वाकायचा, दोन बोटं उंबऱ्याला टेकवून कपाळाला लावायचा आणि मला म्हणायचा, "भाऊ, कपाटाची चावी ऱ्हाऊ द्या. एका दमात जाऊन येतो."

मैदानात उतरतानाची ती सवय. पण हा उंबरा रोह्याच्या एका रसायनांच्या कंपनीतल्या पंपघराचा होता. आत गळती झाली, डोळे चुरचुरायला लागले की आम्ही सगळे बाहेर पळायचो. तो आत जायचा, व्हॉल्व्ह बंद करायचा आणि परत यायचा. ठेकेदाराचा माणूस होता, कासूकडचा. मी पेणचा, कंपनीत स्टोअरकीपर. सकाळी एकाच गाडीनं जायचो.

कबड्डीत त्याचं नाव होतं. अंगानं काडी, पण चढाईला गेला की 'कबड्डी कबड्डी' असं इतका वेळ संथपणे म्हणत राहायचा की समोरचे सात जणच दमायचे. पंपघरातही ते सुटलं नाही. आतून 'कबड्डी कबड्डी' ऐकू यायचं आणि आम्ही बाहेर कान देऊन उभे. आवाज चालू, म्हणजे माणूस ठीक. तो बाहेर आला की कुणीतरी ओरडायचं, "एक गुण!" मीही हसलोय त्यात, खोटं कशाला बोलू.

कंपनीकडे सिलिंडरवाले मास्क होते. चार, नवेकोरे, माझ्या कपाटात कुलपाखाली. तपासणीला कुणी आलं तर ते चकचकीत दिसायला हवेत, म्हणून साहेबांच्या सहीशिवाय कपाट उघडायचं नाही असा नियम. सही आणायला ऑफिसात जावं तर साहेब मीटिंगमध्ये. तोवर हा एका दमात जाऊन आलेला असायचा. साहेब त्याच्या पाठीवर थाप मारायचे, "सहनशक्ती असावी तर अशी." आज त्या शब्दाची मला शिसारी येते. ज्याला स्वतःला काही सोसावं लागत नाही, त्यालाच दुसऱ्याच्या सोसण्याचं भारी कौतुक असतं.

एकदा गाडीत मी म्हणालो, "अरे, ते काय मैदान आहे का?"

"परमनंटची यादी निघणार हाय, भाऊ. साहेब बोललेत. तवर दम धराचा." एवढं बोलून त्यानं बायकोनं भाजून दिलेला पोह्याचा पापड माझ्यापुढं धरला. मी तो खाल्ला आणि विषय संपला.

तुम्ही कबड्डी पाहिली असेल. दम तुटला तर खेळाडू बाद होतो, बाहेर बसून पाणी पितो. सोबत्यानं गुण घेतला की पुन्हा आत येतो. पंपघरात दम तुटला तर पुढचा श्वास त्या वायूचाच घ्यावा लागतो. एवढी साधी गोष्ट, पण ना त्याच्या डोक्यात आली ना आमच्या.

त्या दिवशी व्हॉल्व्हचं चाक अडकलं. आतलं 'कबड्डी' भरभर व्हायला लागलं आणि मग थांबलं. चावी माझ्या हातात होती. कपाट वीस पावलांवर. आणि मी गाढव, सहीसाठी ऑफिसकडे धावलो. साहेब फोनवर होते. त्यांनी बोट वर करून मला थांबायला सांगितलं. मी थांबलो. परत आलो तेव्हा दोघांनी तोंडाला ओली फडकी बांधून त्याला ओढून बाहेर आणलं होतं.

तो जगला, पण फुप्फुसं गेली. चार पावलं चालला की बसायचा. कंपनी म्हणाली, त्याला आत जा असं कुणी सांगितलंच नव्हतं. ठेकेदारानं दुसरा माणूस घेतला. मी अधूनमधून कासूला उतरून त्याच्या घरी जायचो. त्याची बायको कोरा चहा करायची. "बरा हाय," तो म्हणायचा, आणि या दोन शब्दांच्या मध्ये श्वास घ्यायचा. चावीबद्दल त्यानं मला एका शब्दानं विचारलं नाही. मीही बोललो नाही. दुसऱ्या पावसाळ्यात तो गेला.

गावातल्या मंडळानं त्याच्या नावानं सामने भरवले. प्रमुख पाहुणे आमचे साहेब. माइकवर म्हणाले, "खेळात आणि जीवनात सहनशक्ती म्हणजे काय, हे त्यांनी आपल्याला शिकवलं." लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि माझं डोकं फिरलं. चारचौघांत कधी न बोललेला मी उठलो आणि त्यांच्या हातातून माइक घेतला.

"त्याच्याकडं दम होता. मास्क नव्हता. मास्क माझ्या कपाटात होता, चावी माझ्या हातात होती आणि सही या साहेबांकडं होती. त्यानं सोसलं नाही. आम्ही त्याला सोसायला लावलं."

साहेब शालीची घडी नीट करत राहिले. पंच शिट्टी हातात धरून उभा होता. ज्याच्या नावानं सामने होते, त्याची बायको पुढच्या रांगेत खुर्चीवर बसली होती. मी तिच्यासमोर गेलो.

"वहिनी, हे तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं."

"ठाव हाय, भावजी," ती म्हणाली. "हॉस्पिटलातच सांगितलं व्हतं ह्यांनी. बसा आता. खेळ खोळंबलाय."

म्हणजे इतके महिने, दर वेळी माझ्या कपात चहा ओतताना तिला ठाऊक होतं. मी तिच्या शेजारच्या खुर्चीत बसलो. समोर कुणीतरी वाकून दोन बोटं रेषेला लावली, कपाळाला लावली आणि चढाईला निघाला.