बाबांच्या स्वेटरचं पांघरूण

मुलीच्या बाळंतपणाची दुपटी, टोपडी, तेल, शेक-शेगडी सगळं मी यादी करून वेळेत जमवलं होतं. पांघरूण तेवढं राहिलं होतं. आमच्यात बाळाचं पहिलं पांघरूण जुन्यातलंच करतात, म्हणून आईने बाबांचा स्वेटर उसवला. बाबा आता नाहीत. ही लोकर यवतमाळच्या कुठल्याच दुकानात मिळणार नव्हती. आहे तेवढ्यातच पुरवायची होती.

क्रोशाच्या सुया घेऊन आम्ही दोघी साध्या खांबांच्या टाक्याचे चौकोन विणायला बसलो. माझे भराभर होत होते. जोडायला घेतले तेव्हा दिसलं, आईचे चौकोन बोटभर लहान आहेत. ती धागा ताणून धरते, मी सैल सोडते. लोकर तर संपत आलेली.

"आई, तुह्ये उसवू का?"

"माह्ये काहून? तुह्याच चौकोनांनं लोकर खाल्ली. घाई तं तुले लहानपणापासूनच!"

मी माझे उसवले. धागा ताणलेला राहावा म्हणून बोटाला त्याचा एक वेढा जास्त दिला आणि तिच्या हाताकडे बघत सावकाश विणू लागले. लोकर पुरली, थोडी उरलीसुद्धा. आईने त्या उरलेल्या लोकरीची साखळी विणून टोपड्याला बंद लावला. माझ्या यादीत तो नव्हता.