रिसालीचा व्हिडिओवाला आणि न्यूझीलंडच्या बाई

समजा, तुम्हाला परदेशात व्हिडिओग्राफरची नोकरी शोधायची आहे. तीही अशी, की व्हिसासाठी मालकानंच पुढे यावं. समजा, तुम्ही भिलाईच्या रिसालीत राहता, नऊ वर्षं लग्नं शूट केली आहेत, आणि तुमच्या सर्वांत गाजलेल्या कामात नवरी गुलाबाच्या पाकळीतून उमलते आणि नवरा कबुतराच्या पोटातून बाहेर येतो. आता नोकऱ्यांच्या साइटवर जा. 'व्हिडिओग्राफर' टाइप करा. सहाशे बारा जागा येतील. छाती फुगेल. मग कोपऱ्यातल्या बारीकशा चौकोनावर टिक करा, 'व्हिसा स्पॉन्सरशिप'. तीन जागा उरतील.

देवेंद्रनं सात महिने रोज सकाळी ही टिक केली. त्या तीनपैकी एका जागेला भर समुद्रात पोहण्याचं प्रमाणपत्र लागायचं, आणि देवेंद्र शिवनाथ नदीतही घोट्यापर्यंतच उतरलेला. दुसऱ्या जागेच्या माणसानं मुलाखतीआधीच फी मागितली. देवेंद्रचे वडील शेषराव रेल्वेत गार्ड होते, चौतीस वर्षं मालगाडीच्या शेवटच्या डब्यात काढून रिटायर झालेले. त्यांनी फोन हातात घेऊन विचारलं, "सिग्नलच्या आधी गाडी सोडतेत का रे कुठं?" आणि नंबर ब्लॉक केला.

तिसरी जागा न्यूझीलंडची होती. लहानसं गाव, लहानशी कंपनी. काम काय, तर लग्नं शूट करायची, आणि लग्नाचा मोसम संपला की मेंढ्यांची लोकर कापायच्या स्पर्धा.

"मेंढ्याइचं शूटिंग कोण पाहते बाप्पा?" आई, म्हणजे कांताबाईंनी विचारलं.

"आई, मेंढीचा मालक पाहते."

"मंग बरं. नवरीच्या मावश्याइपेक्षा मेंढ्या कमी रुसत असतीन."

देवेंद्रला आता हसू येत नव्हतं. इकडची मोठी लग्नं ड्रोनवाल्या रायपूरच्या टीम घेऊन जात होत्या. गेल्या हंगामात त्याच्या वाट्याला तीन लग्नं आली, त्यातलं एक मोडलं. टिक नसलेल्या जागा धरून त्रेचाळीस ठिकाणी अर्ज केल्यावर मुलाखतीला बोलावणं आलं ते एवढंच. ही जागा गेली, तर त्याला मामाच्या ओळखीनं ठेकेदाराकडे कारकुनीला लागायचं होतं. मामांनी तसं जाहीर करून ठेवलं होतं.

कंपनीच्या मालकीणबाईंनी एक अट घातली. त्यांना जुनं काम बघायचं नव्हतं. माणूस माणसांबरोबर कसं काम करतो ते बघायचं होतं. तेव्हा मुलाखतीच्या वेळी देवेंद्रनं घरच्यांना घेऊन दोन मिनिटांचं साधं शूटिंग करायचं, आणि ते करताना बाई लॅपटॉपवरून त्याच्याकडे पाहणार. घरात रोज सकाळी जे चालतं, तेच चालू द्यायचं.

बुधवारी सकाळी सातला, म्हणजे तिकडच्या दुपारी दीडला, सगळे तयार होते. कांताबाई भाचीच्या लग्नातल्या साडीत. शेषरावांनी रिटायरमेंटला मिळालेलं घड्याळ बांधलेलं. सेक्टर ६ मधून मामा मारोतराव स्कूटरवर आले, सफारी घालून, हातात आहेराचं पाकीट.

"मामा, पाकीट कावून आणलं?"

"कॅमेरा हाय म्हणून सांगितलं ना तू?"

"पण लग्न नाई हाय ना यार!"

"मंग खाली हात येऊ का कॅमेऱ्यासमोर?"

इथे एक सांगायला हवं. आमच्या दुर्ग-भिलाईच्या लग्नात स्टेजवर पाकीट देणं हे देऊन संपत नाही. पाहुणा पाकीट पुढे करतो, नवरा ते धरतो, आणि दोघं तिथेच थिजतात. अर्धं पाकीट याच्या हातात, अर्धं त्याच्या. माना कॅमेऱ्याकडे. व्हिडिओवाला 'ओके' म्हणेपर्यंत पापणीसुद्धा हलवायची नाही. पाहुण्यांना हे वळण व्हिडिओवाल्यांनीच लावलं. आणि देवेंद्रनं नऊ वर्षं 'रुको, रुको, हिलना मत' असं ओरडून स्वतःच्या घरच्यांना तर इतकं पक्कं तयार केलेलं, की कॅमेऱ्यावरचा लाल दिवा लागला की कांताबाईंची शिंकसुद्धा अर्ध्यात थांबायची.

बाई स्क्रीनवर आल्या. पांढरे केस, लोकरीचा स्वेटर, मागे खिडकीत डोंगर. गोड हसून म्हणाल्या, करा सुरू.

लॅपटॉप टीव्हीच्या टेबलावर होता. त्यातून हॉल दिसत होता आणि मागचं स्वयंपाकघरही, कारण मधे दार नव्हतंच. देवेंद्रनं कॅमेरा खांद्यावर घेतला. लाल दिवा लागला.

शेषरावांनी मारोतरावांपुढे चहाचा कप धरला. मारोतरावांनी तो बशीसकट पकडला. दोघं थिजले. माना कॅमेऱ्याकडे. कांताबाईंनी दोघांच्या मधे येऊन बिस्किटांची ताटली पुढे केली आणि त्याही थिजल्या. देवेंद्रही सवयीनं श्वास रोखून मनात आकडे मोजू लागला. त्यानं शिकलेलं गणित साधं होतं, माणूस जितका महत्त्वाचा तितका शॉट लांब. हे तर जन्मदाते. तो साठपर्यंत मोजणार होता.

"हॅलो?" बाई म्हणाल्या. "हॅलो?"

"ती हॅलो म्हणून राहिली," ओठ न हलवता कांताबाई बोलल्या.

"चूप बस, शॉट चालू हाय," शेषरावही ओठ न हलवता.

बाईंना वाटलं, भारतातलं नेटवर्क गेलं. त्यांनी कॉल बंद करून पुन्हा लावला. देवेंद्रनं कोपरानं बटण दाबलं. पुन्हा तेच चित्र. तोच कप, तीच ताटली, तीच तीन हसरी तोंडं. बाईंनी स्वतःचा वायफायचा डबा बंद करून चालू केला. तिसऱ्यांदा कॉल लावला. दर कॉलला देवेंद्रनं आकडे पुन्हा एकपासून धरले.

आणि तेवढ्यात मागे गॅसवरचं दूध वर आलं.

बाई स्क्रीनजवळ सरकल्या. चित्र तर अडकलेलं होतं, चार माणसं दगडासारखी. पण त्या अडकलेल्या चित्रात पातेल्यावर पांढरा फेस फुगत होता, काठावरून खाली उतरत होता, ओट्यावरून जमिनीकडे निघाला होता. बाईंनी चष्मा पुसला. मग त्या किंचाळल्या, "मिल्क! मिल्क!"

"देवा, दूध जाऊन राहिलं रे!" कांताबाई तशाच हसऱ्या तोंडानं म्हणाल्या. "ओके म्हण ना लवकर!"

"छप्पन, सत्तावन्न..." देवेंद्र पुटपुटला.

"ओके म्हण बे!" मारोतराव गरजले. त्यांचा चहा आता बशीत थरथरत होता.

"ओके!"

मग जी पळापळ झाली, ती बाईंनी डोळे भरून पाहिली. पुढची पाच मिनिटं त्या नुसत्या हसत होत्या. एवढं हसून शेवटी त्यांनी रुमाल काढला, कळवते म्हणाल्या आणि गेल्या.

"गेली नोकरी," देवेंद्र म्हणाला.

"दूधही गेलं," कांताबाई म्हणाल्या.

नवव्या दिवशी मेल आली. देवेंद्रनं ती चार वेळा वाचली, मग मोठ्यानं वाचून दाखवली. बाईंना तो हवा होता. कॅमेऱ्यापुढे लोक ज्याचं इतकं ऐकतात असा माणूस त्यांनी पाहिला नव्हता. पण तिकडच्या नियमाप्रमाणे बाहेरच्या माणसासाठी व्हिसाची कागदं करायची, तर आधी तिथे जाहिरात द्यावी लागते. तशी त्यांनी दिली होती. तिथल्या अकरा जणांनी अर्ज केले होते. आता त्या अकरांना येत नाही असं देवेंद्रला काय येतं, ते बाईंना तिथल्या सरकारी खात्याला लिहून द्यायचं होतं. त्यांना ते नेमकं सांगता येईना. तूच लिहून पाठव, शुक्रवारपर्यंत.

"लिही, दारू पित नाई," कांताबाईंनी लगेच सुचवलं.

"लिही, ड्यूटीवर टायमाच्या अर्धा घंटा आधी हजर राहते," शेषराव म्हणाले.

"त्या अकराइतले दहा तरी राहतच असतीन, बाबा."

मेलचं ऐकून आलेले मारोतराव पुढे सरसावले. मग म्हणाले, "लिही, नवरीकडच्या आत्याले नि नवऱ्याकडच्या आत्याले कॅसेटमध्ये सारखा टाइम देते. एक सेकंद इकडं नाई, एक सेकंद तिकडं नाई."

"तिकडं आत्या रुसतेत का पण?"



गुरुवारी संध्याकाळी देवेंद्र लॅपटॉपसमोर बसला. त्यानं लिहिलं, 'मला ड्रोन येत नाही.' ते खोडलं. 'मला कबुतर येतं.' तेही खोडलं. मग तो त्या अकरा जणांचा विचार करत बसला. त्यांचे कॅमेरे त्याच्यापेक्षा चांगले असणार, इंग्रजी तर असणारच, आणि मेंढ्या त्यांनी लहानपणापासून पाहिलेल्या.

कांताबाई मेथी निवडत होत्या. तो त्यांच्याजवळ जाऊन बसला. चेष्टा नव्हती, खरंच विचारत होता.

"आई, अख्ख्या एका देशात कोणाले येत नाई असं मले काय येते वं?"