लालीची पाठवणी

पांझरेच्या काठी बसून देवपुराच्या लेकराबाळांवर नजर ठेवणाऱ्या आई एकवीरे, तुला आधी नमस्कार. वाऱ्यातला वेग तू, आणि वेग आवरणाऱ्या हातातले बळही तूच. ज्याने आयुष्यभर लोखंडाची सेवा केली आणि त्या लोखंडात तुझाच श्वास ऐकला, अशा एका साध्या माणसाची कथा सांगायची आहे. शब्द तू दे, चूक झाली तर पदरात घे.

त्यांचे नाव अभिमन मिस्तरी, सारे त्यांना नाना म्हणत. धुळ्याच्या आग्रा रोडवर पत्र्याचे गॅरेज, नदीपलीकडे देवपुरात तीन खोल्यांचे घर, घरात ते आणि पत्नी भागाबाई. कपड्यांवर ग्रीसचे डाग, कपाळावर मात्र रोज अष्टगंध. ट्रकवाले त्यांच्याकडे थांबत ते त्यांच्या कानासाठी. बॉनेट उघडण्याआधी नाना डोळे मिटत, ऐकत आणि म्हणत, "तिसऱ्या सिलिंडरला दुखतंय." उघडून पाहावे, तर दुखणे नेमके तिथेच!

आणि या साध्या घराच्या अंगणात उभी असे लाली. तांबडी, दोन आसनांची, उघड्या टपाची विलायती मोटार. अमळनेरच्या एका कारखान्याचा गोरा साहेब देश सोडताना ती मोडकी गाडी मागे टाकून गेला. तरुण अभिमनने ती उभी केली, आणि १९५४ साली सोनगीरहून आपली नवरी त्याच गाडीतून देवपुरात आणली. तीस-बत्तीस वर्षांनंतरही भागाबाई माहेरी गेल्या की सोनगीरच्या किल्ल्याखालच्या बायका विचारत, "लालीवाली उनी का व?" लाली हा भागाबाईंचा मान होता.

१९८३ च्या उन्हाळ्यात नाना एस.टी.ने अमळनेरला निघाले. वाटेत गाडीचे चाक बसले, उतारू झाडाखाली पांगले. तेवढ्यात शेतातून एका इंजिनाचा आवाज आला. विहिरीवर पाणी काढणारी इंजिने नानांनी हजारो ऐकली होती. हा आवाज त्यातला नव्हता. ढेकळे तुडवत ते विहिरीपाशी गेले. शेताचे मालक धनसिंग आबा चिलीम ओढत बसले होते.

"आबा, हाई इंजन कोठलं शे?"

"मना बापना वखतनं. एक गोरानी शर्यतमा पळानी गाडी व्हती म्हने. गोरा गया, गाडी पडी ऱ्हायनी, बाप इंजन काढी लयना. पानी मातर झकास काढस."

नाना गुडघ्यांवर बसले. त्या तापल्या लोखंडावर त्यांनी तळहात ठेवला, आणि चटका बसला तरी काढला नाही. केवढे हे आश्चर्य! ज्याचा जन्म धावण्यासाठी, ते मुकाट्याने एका विहिरीला बांधलेले. आणि चाळीस-पंचेचाळीस वर्षांत त्याने एका पिकालाही उपाशी ठेवले नाही! गाडीचा सांगाडा गोठ्यामागे कडब्याखाली सापडला. नव्या डिझेल पंपाच्या बदल्यात आबांनी दोन्ही दिले, वर जेवू घातले.

मग तीन वर्षे तप चालले. दुसरे काय म्हणावे? दिवसभर ट्रक, आणि संध्याकाळी ही काळी, एका माणसाची, शर्यतीची गाडी. एकेक आटा हाताने पाडलेला, एकेक नट घासून बसवलेला. इंजिन थंड ठेवणारी पाण्याची टाकी मात्र बाजारात मिळेना. सोनगीरचे तांबट उखर्डू, भागाबाईंच्या माहेरचे शेजारी, एका गुडघ्याने अधू. त्यांनी हंडे-घागरींचे काम बाजूला ठेवले आणि तांब्याच्या पत्र्यावर ठोक्याला ठोका लावून टाकी घडवली. बघणारा हात जोडील अशी.

१९८६ च्या दिवाळीत वर्तमानपत्रात बातमी आली. मद्रासजवळच्या एका जुन्या विमानपट्टीवर, दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या गाड्यांची शर्यत. नानांच्या हाताला जे घडवता येत होते ते सारे घडून झाले होते. उरले होते ते हाताने न होणारे: परदेशी टायर, ठिणगी पाडणारा मॅग्नेटो, मद्रासपर्यंतचा ट्रक. आणि जळगावचे कापसाचे व्यापारी मगनशेठ दहा वर्षे लालीला मागणी घालत होते. नानांनी त्यांना शब्द दिला. घरी येऊन मग सांगितले.

भागाबाई भाकरी थापत होत्या. हात थांबला.

"शबुद देवाना पहिले माले ईचारं व्हतं का?"

नाना खाली मान घालून म्हणाले, "चुकी गऊ मी."

"लालीले घरना बाहेर काढतस, आनि हाई काळी सवत लयतस!"

"ती पळण्यासाठी घडवलेली आहे गं. तिनं जन्मभर पाणी शेंदलं. एकदा, फक्त एकदा, तिला तिचं काम करू दे. तू नको म्हणालीस तर शेठना आत्ता जाऊन सांगतो."

भागाबाईंनी भाकरी तव्यावर टाकली. दोन दिवस घरात बोलणे नव्हते. तिसऱ्या दिवशी त्यांनी पुरण घातले, तेव्हा नानांना होकार कळला.

खानदेशात कुणबी बैल विकतो तेव्हा घरची लक्ष्मी त्याला कुंकू लावते, घास देते, मग निरोप देते. भागाबाईंनी लालीच्या कपाळी, म्हणजे पुढच्या जाळीवर, कुंकू लावले, चाकांवर पाणी घातले, पुरणपोळीचा तुकडा बॉनेटवर ठेवला. नानांनी गाडी न्यायला आलेल्या शेठना एकूण एक खोड सांगितली: उताराला दुसरा गिअर सुटतो, हाताने धरा, पावसात डावा दिवा विझतो. शेठ गाडीत बसले. तोच भागाबाईंनी हात घालून चावी काढली आणि पदराच्या गाठीला बांधली.

"भाभी, हे काय? चावीवाचून जळगावला ढकलत नेऊ का?"

"बैल ईका तरी दावं घरमाच ऱ्हास, शेठ. लाली ली जा. दावं भेटाव नही."

शेठ हसले, मग चावीसाठी पुढे केलेला हात त्यांनी मागे घेतला. त्यांच्याही आजोळी बैल होते. नानांनी जुना स्विच सोडवला, एका ट्रकचा स्विच बसवला, नवी चावी शेठच्या हाती दिली. लाली पुलाकडे वळेपर्यंत भागाबाई उभ्या होत्या. मग आत येताना एवढेच म्हणाल्या, "आते मी बी येसू मद्रासले. जिन्हासाठे लाली गयी, ती पळस कशी ते पाहीसू."

फेब्रुवारीत ती विमानपट्टी. सात गाड्या. सहांच्या मागे एका रंगाच्या कपड्यांतली धडधाकट माणसे, कारण या जुन्या गाड्या ढकलूनच चालू करायच्या. सातवीच्या मागे एकटे उखर्डू, एक गुडघा धरून. झेंडेवाला घड्याळ पाहू लागला. उखर्डूंनी जोर लावला. काळी हलली, पुन्हा थांबली. स्टिअरिंगवर बसलेल्या नानांनी मागे वळून पाहिले. तीन वर्षे आणि लाली, सारे त्या दहा पावलांत अडकले होते.

तेव्हा दोरीपलीकडून भागाबाई आल्या. पदर कमरेला खोचला.

"सरका उखर्डूदादा. नालामाईन बैलगाडी काढेल शे मी. हाई काय मोठी शे!"

आणि नऊवारीतल्या त्या माउलीने दोन्ही तळहात काळीच्या पाठीला लावले. कोण गोरे, कोण काळे, सारे लोक पाहतच राहिले. एक पाऊल. दोन. पाच. नवव्या पावलाला इंजिनाने श्वास घेतला. भागाबाई तोंडावर पडल्या, आणि गाडी गेली!

काय वर्णावा तो आवाज! पखवाजावर थाप पडावी आणि मंडपाचे खांब थरारावेत, तसा. जन्मभर विहिरीकाठी एकाच लयीत पुटपुटणाऱ्या त्या लोखंडाने आता आकाशाला साद घातली. वळणावर काळी झुकली, सरळ झाली, धुळीतून निघाली. नाना ती चालवत होते की ती नानांना नेत होती, हे सांगणे अवघड. सहा फेऱ्या. उखर्डूंच्या टाकीतून एक थेंब गळला नाही. सातांत पाचवा नंबर.

नाना उतरून धावत आले. भागाबाईंच्या गुडघ्यांना खरचटले होते, लुगडे मातीने भरले होते.

"पाचवा उनात?"

"हो."

भागाबाईंनी पदराने काळीच्या नाकावरची धूळ पुसली. "पुढला साले चौथा या मंग."

हे जगदंबे, ज्या पुरुषाने आवडते दिले ते मिरवण्यासाठी नव्हे, एका यंत्राला त्याचा धर्म लाभावा म्हणून, त्याचे कान असेच तीक्ष्ण राहोत. जिने रागावून, रुसून, शेवटी आपल्याच हातांनी ढकलले, तिचे कुंकू अढळ राहो. सोनगीरच्या तांबटाच्या हातोडीला यश येवो. आणि देवपुरातल्या त्या तीन खोल्यांच्या घरात चूल पेटती राहो, भाकर पुरून उरो, भांडण झालेच तर तिसऱ्या दिवशी तिथे पुरण शिजो.